गायक-नटाच्या स्तुतीची परिभाषा

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ नाकाडोंगरी हे गाव आहे. दिवाळीनंतर त्या बाजूला गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक होते. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी तेथील एक वृद्ध रसिक जुन्या गाणाऱ्या नटांविषयी बोलताना एकच माप वापरीत : अमक्याचा आवाज शेवटच्या बंडीपर्यंत जात असे, तमक्याचा मधल्या लोकांतच विरून जात असे. पटांगणाच्या कडेला बैलबंड्या सोडलेल्या असत आणि दूरच्या गावचे लोक त्यांवर बसूनच खेळ पाहत. त्या बंड्यांवरून घेतलेले हे माप. 'गोड', 'सुरेल', 'अप्रतिम' असे शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच येत. त्या वयात ही स्तुती फार कोरडी वाटे. पुढे ध्वनिविज्ञानाशी परिचय झाला तेव्हा लक्षात आले की, त्या एका वाक्यात बरेच काही नोंदलेले आहे : प्रयोग उघड्यावर होता, ध्वनिवर्धक नव्हता, अंतर अमुक इतके होते, आणि ते काटण्याची शक्ती त्या आवाजात होती. ज्या परीक्षणात 'गायनाने रसिक मंत्रमुग्ध झाले' एवढेच म्हटलेले असते, त्यातून यांपैकी एकही गोष्ट कळत नाही.

गाणाऱ्या नटाची स्तुती हा अभ्यासाचा विषय आहे असे आपल्याकडे सहसा मानले जात नाही. नाट्यसमीक्षक संहितेकडे वळतो, संगीतज्ञ रागाकडे वळतो, आणि स्तुतीची वाक्ये आठवणींच्या पुस्तकांत तशीच पडून राहतात. वस्तुतः या स्तुतीला स्वतःची एक परिभाषा आहे. ती नीट वाचता आली, तर नाहीशा झालेल्या आवाजांविषयी उरलेला तोच आपला मुख्य पुरावा ठरतो. ती परिभाषा कशी घडली, ती कोठे समर्थ आहे आणि कोठे पोकळ होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

स्तुती हाच पुरावा

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास झाला. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. त्याच वर्षी बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले आणि पुढे शकुंतला व सुभद्रा या भूमिकांनी ते महाराष्ट्राचे 'भावड्या' झाले. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यास. मध्ये अंतर एकवीस महिन्यांचे. एवढ्या अंतराने संगीत रंगभूमीचा पहिला मोठा आवाज कायमचा गेला. त्या आवाजाविषयी आज आपल्यापाशी जे आहे, ते सारे शब्दांत आहे.

हे केवळ आपल्याच वाट्यास आले असे नाही. इटालियन ऑपेरात व्हेर्दीच्या 'मॅक्बेथ' (१८४७), 'रिगोलेत्तो' (१८५१) आणि 'ला त्राव्हियाता' (१८५३) या तिन्ही कृतींतील बॅरिटोनच्या प्रमुख भूमिका प्रथम फेलीचे व्हारेझी याने केल्या. तो १८८९ मध्ये वारला. त्याचाही आवाज मुद्रित नाही. परंतु व्हेर्दीने त्याला 'मॅक्बेथ'च्या वेळी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. शब्दांचा आणि प्रसंगाचा अभ्यास करावा, संगीतकारापेक्षा कवीची सेवा अधिक करावी, असा त्यांतील आग्रह आहे. त्यावरून रचनाकाराला त्या गळ्याकडून काय हवे होते ते कळते, आणि पर्यायाने त्या गळ्याविषयीही काही कळते. अपेक्षा, स्तुती आणि निंदा या तिन्ही प्रकारच्या लेखनाकडे पुरावा म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडेही व्हावयास हवी.

गळा, आवाज, सूर

मराठी रसिक गायकाविषयी बोलताना तीन नामे वापरतो आणि ती सहसा एकमेकांच्या जागी घालीत नाही. 'गळा' म्हणजे गायकाच्या ठिकाणी असलेले साधन. तो गोड असतो, तयार असतो, फिरतो, बसतो. 'आवाज' म्हणजे त्या साधनातून बाहेर पडून श्रोत्यापर्यंत येणारी वस्तू. तो मोठा, बारीक, रुंद, चिरका असतो. तो लागतो, फुटतो, पोचतो. 'सूर' म्हणजे या आवाजाचा षड्जाशी असलेला संबंध. तो लागतो किंवा ढळतो. पण सुराला कोणी मोठा किंवा बारीक म्हणत नाही. 'कंठ' हा संस्कृत शब्द मात्र ग्रांथिक भाषेत गळा व आवाज या दोहोंऐवजी येतो, आणि म्हणूनच 'सुमधुर कंठ' असे लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणावयाचे आहे ते ठरविणे कठीण जाते.

ही त्रयी बोलीतही टिकून आहे. झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो, त्यामुळे 'डोळा' हा 'डोरा' होतो, तसा 'गळा' हा 'गरा' होतो. परंतु गरा व आवाज यांतील भेद बोलणाऱ्याच्या मनात पक्का असतो. आवाज शेवटच्या बंडीपर्यंत जातो. गरा जात नाही.

विशेषणांचे चार वर्ग

आठवणी, परीक्षणे आणि रसिकांचे बोलणे यांत आढळणारी विशेषणे पाहिली, तर त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग उंचीचा : चढा, टिपेचा, खर्जाचा, ढाला. दुसरा वर्ग पोताचा : भरदार, खणखणीत, पहाडी, धारदार, घोटीव, पिळदार, आणि निंदापर म्हणून घोगरा, किनरा, चिरका, पिचका. तिसरा वर्ग गतीचा : फिरत, दाणेदार तान, पल्लेदार तान. चौथा वर्ग शब्दांशी असलेल्या संबंधाचा : शब्दांची फेक, उच्चारातील स्वच्छता, गद्यातून पद्यात अलगद शिरणे.

यांतील रूपके कोठून आली ते पाहण्यासारखे आहे. 'पिळदार' हा शब्द पीळ दिलेल्या दोरावरून आला. सैल नसलेला, ताण सोसणारा आवाज त्यातून सुचतो. 'दाणेदार' हा धान्याच्या खळ्यातला. तानेतील प्रत्येक स्वर सुटा, भरलेला आणि सारख्या आकाराचा असावा ही अपेक्षा त्यात आहे. 'खणखणीत' हा नाद चोख नाण्याचा आणि धातूच्या भांड्याचा. 'घोटीव' म्हणजे घासून गुळगुळीत केलेला. ही सारी रूपके हाताने पारखावयाच्या वस्तूंची आहेत. दोर ओढून पाहतात, दाणा दाबून पाहतात, नाणे वाजवून घेतात. स्तुतीची ही भाषा घडविणारा समाज पारख करण्यास सवकलेला होता, आणि त्याने गळ्यालाही तीच कसोटी लावली. म्हणून या वर्गांतील विशेषणांना वर्णनमूल्य आहे. 'स्वर्गीय', 'अलौकिक', 'दैवी' हे शब्द या चारही वर्गांत बसत नाहीत, कारण त्यांनी आवाजाचा कोणताच धर्म सांगितला जात नाही. ते केवळ श्रोत्याची अवस्था सांगतात.

'बॅरिटोन'ला मराठी शब्द का नाही

पाश्चात्त्य ऑपेरात पुरुषाच्या आवाजाचे टेनर, बॅरिटोन आणि बास असे मुख्य भेद करतात. बॅरिटोन हा मधला. त्याचा पल्ला ढोबळमानाने सेकंदास शंभर कंपनांपासून चारशे कंपनांपर्यंत असतो. हा वर्ग स्वतंत्रपणे प्रस्थापित झाला तो एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी अशा गायकांची गणना बहुधा बासमध्येच होई. शब्दाची व्युत्पत्ती मराठी वाचकास मौजेची वाटेल. ग्रीक 'बारुस' म्हणजे जड आणि 'तोनोस' म्हणजे ताण, स्वर. यांतील पहिला शब्द आपल्या 'गुरु' शब्दाचा सगोत्र आहे, आणि दुसरा 'तन्' धातूचा, म्हणजेच आपल्या 'ताने'चा. दोन्ही घटक आपल्या घरी असूनही त्यांचा असा समास आपण केला नाही. तो का केला नाही?

याचे उत्तर आवाजात नाही, रचनेच्या पद्धतीत आहे. ऑपेरातील भूमिका रचनाकाराने ठराविक स्वरोच्चतेवर लिहिलेली असते. गायकाला ती सामान्यतः त्याच उंचीवर गावी लागते. म्हणून भूमिकेसाठी आवाज शोधावा लागतो, आणि शोधावयाचा तर आवाजांचे वर्ग पाडून ठेवावे लागतात. आपल्याकडे षड्ज चल आहे. गायक आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी धरतो आणि साथीदार तिच्यामागे जातात. एकच पद एक नट काळी एकमध्ये गाईल, दुसरा काळी चारमध्ये. काळी एकचा मध्य षड्ज सेकंदास सुमारे १३९ कंपनांचा मानला, तर काळी चारचा सुमारे २०८ कंपनांचा येतो. म्हणजे दोन्ही गायनांत पुऱ्या पंचमाचे अंतर पडते, तरीही पद तेच राहते. जेथे आवाजाला भूमिकेपर्यंत चढावे वा उतरावे लागत नाही, तेथे आवाजाच्या वर्गाला नाव देण्याची निकड उत्पन्न होत नाही.

याच्या जोडीला दुसरे कारण ऐतिहासिक आहे. स्त्रीभूमिका पुरुष करीत होते, तोवर रंगभूमीवरील सर्वांत मोठी पदे उंच व नाजूक गळ्याकडे जात. पुरुषभूमिकांचे गायनही त्याच चढ्या वातावरणात घडले. परिणामी खर्जाकडे झुकणाऱ्या जड आवाजासाठी आपल्याकडे 'ढाला' हा शब्द असला, तरी रंगभूमीवरील नायकाच्या स्तुतीत तो विरळा आढळतो. त्या जागी 'पहाडी' आणि 'भरदार' हे शब्द येतात. पण त्यांनी उंची सांगितली जात नाही, बळ सांगितले जाते. ऑपेराच्या समीक्षकाला आवाज कोणत्या जागेचा आहे हे प्रथम सांगावे लागते. मराठी रसिकाला तो किती दूर जातो हे प्रथम सांगावेसे वाटते.

आवाज पोचतो म्हणजे काय

'फेक' हा या परिभाषेतील सर्वांत शास्त्रशुद्ध शब्द म्हणावा लागेल. आवाज दूर जाणे ही गोष्ट केवळ मोठ्याने गाण्याने साधत नाही. योहान सुंडबर्ग या स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात ऑपेरातील पुरुष गायकांच्या आवाजाचे पृथक्करण केले. वाद्यवृंदाची शक्ती सेकंदास सुमारे पाचशे कंपनांच्या आसपास सर्वाधिक असते आणि वर जाताना ती उतरत जाते. तयार गायकाच्या आवाजात मात्र अडीच ते तीन हजार कंपनांच्या पट्ट्यात एक वेगळा उंचवटा दिसतो. मानवी कानही त्याच सुमारास अतिशय तीक्ष्ण असतो. म्हणून जड आवाजाचा बॅरिटोनदेखील ध्वनिवर्धकावाचून संबंध वाद्यवृंदाच्या वर ऐकू येतो. त्याच्या मूळ स्वराची उंची कमी असते. पण पोचण्याचे काम वरचे उपस्वर करतात.

मराठी गायक-नटाचे तंत्र याहून निराळे होते. चढी पट्टी, खुला आकार आणि आवाजातील ताण यांनी वरच्या उपस्वरांना बळ येई. साधन वेगळे, साध्य एकच. 'खणखणीत' आणि 'धारदार' ही विशेषणे नेमकी या वरच्या उपस्वरांची आहेत. धातूचा नाद धातूचा वाटतो तो त्यांच्यामुळेच. नाकाडोंगरीच्या वृद्ध रसिकाने सुंडबर्गचे नाव ऐकलेले असणे शक्य नव्हते, परंतु शेवटची बंडी हे त्याचे मोजमापाचे यंत्र होते आणि ते चुकीचे नव्हते.

पदवी आणि वर्णन

स्तुतीची परिभाषा दुबळी होते ती पदव्यांपाशी. नारायणराव राजहंस यांना लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटले, अशी परंपरा आहे. ज्या क्षणी हा शब्द उच्चारला गेला, त्या क्षणी त्यात वर्णन होते : वय बालाचे, गाणे गंधर्वाचे. पुढे सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व अशी मालिका झाली. हे सर्व थोर गायक. पण त्यांच्या गळ्यांत परस्परांशी साम्य किती थोडे! म्हणजे 'गंधर्व' हे विशेषण न राहता श्रेणीवाचक उत्तरपद बनले. भाषाशास्त्रात याला अर्थक्षय म्हणतात. केशवराव भोसले यांच्या 'संगीतसूर्य' या पदवीत मात्र काही वर्णन शिल्लक आहे. सूर्याचा धर्म माधुर्य नव्हे, तेज; आणि गंधर्व या शब्दासमोर तो ठेवला म्हणजे त्या काळच्या रसिकांनी दोन आवाजांत केलेला भेद आपोआप प्रकट होतो.

हा भेद एकाच रंगमंचावर ऐकण्याची संधी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत मिळाली. टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श आणि गंधर्व या दोन मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. पुढे तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. या प्रयोगाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि विद्यार्थ्याने ते वाचताना एक प्रयोग करून पाहावा : त्यातील प्रत्येक वाक्यापुढे 'गर्दी', 'श्रोत्याची अवस्था' आणि 'आवाज' यांपैकी एक खूण करावी. पहिल्या दोन खुणांची संख्या किती आणि तिसरीची किती, यावरून त्या लेखनाचे पुरावा म्हणून मूल्य किती ते ठरेल.

यावर असा आक्षेप येईल की, बालगंधर्वांच्या मुद्रिका उपलब्ध असताना शब्दांची गरज काय? त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर तेच पद 'वन्समोअर' घेत कितीतरी लांबे, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जागा बदलत. शिवाय १९२५ पर्यंतचे ध्वनिमुद्रण यांत्रिक कर्ण्यातून होई. वरचे व खालचे उपस्वर त्यात गळून जात. म्हणजे ज्या गुणाला रसिक 'धार' म्हणत होते, नेमका तोच तबकडीत कमी उतरला. मुद्रिका आणि स्तुती यांनी परस्परांना दुरुस्त करावयाचे असते. एकीने दुसरीची जागा घ्यावयाची नसते.

ध्वनिवर्धक आल्यानंतर

२४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आलेले 'कट्यार काळजात घुसली' हे या दृष्टीने संधिकालाचे नाटक आहे. लेखक व दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव देशपांडे, आणि पंडितजी भार्गवराम आचरेकर. वसंतरावांचा जन्म १९२० मध्ये मूर्तिजापूरचा. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले, आणि मास्टर दीनानाथांच्या आक्रमक गायकीचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला.

या भूमिकेची स्तुती करताना 'वसंतराव खाँसाहेब जगले' हे वाक्य आजही ऐकू येते. ते खोटे नाही, पण मुके आहे. नाटकात दोन गायक्यांची स्पर्धा आहे. खाँसाहेबाची तान ही केवळ तान नसून प्रतिपक्षावरचा हल्ला आहे. म्हणून येथे गाण्याची फिरत आणि पात्राचा अहंकार या दोन वस्तू वेगळ्या काढता येत नाहीत. वसंतरावांचा गळा खडा, चपळ, अनपेक्षित वळण घेणारा. त्या अनपेक्षिततेतच खाँसाहेबाचा ताठा आणि अस्वस्थता दिसत होती. एवढे सांगितले म्हणजे 'जगले' या क्रियापदाला आधार मिळतो. व्हेर्दीने व्हारेझीकडून जे मागितले होते, ते येथे वेगळ्या वाटेने साधले : गाणे थांबवून अभिनय केला गेला नाही, अभिनयासाठी गाणे सैल केले गेले नाही.

ध्वनिवर्धकाने स्तुतीच्या शब्दसंपत्तीतही फरक पाडला. 'फेक', 'पहाडी', 'पोचणारा' हे शब्द मागे सरले. 'हळुवार', 'भावपूर्ण', 'काळजाला भिडणारा' हे पुढे आले. कुजबूजही शेवटच्या रांगेत ऐकू येऊ लागल्यावर अंतराचे माप निरर्थक झाले. यात खेद करण्यासारखे काही नाही; मात्र १८९० चे आणि १९७० चे परीक्षण वाचताना एकाच शब्दाचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे असे समजणे चुकीचे ठरेल. 'मोठा आवाज' ही १८९० मध्ये गायकाची कमाई होती. आज ती यंत्र चालविणाऱ्याच्या बोटांत आहे.

अभ्यासाची दिशा

गायक-नटाविषयीचा कोणताही मजकूर हाती आला असता विद्यार्थ्याने पाच प्रश्न विचारावेत. लिहिणारा गळ्याविषयी बोलतो आहे, आवाजाविषयी की सुराविषयी? विशेषण आवाजाचा धर्म सांगते की श्रोत्याची अवस्था? प्रयोगाची जागा बंदिस्त होती की उघडी, आणि ध्वनिवर्धक होता की नव्हता? पट्टीचा उल्लेख आहे काय? आणि शेवटी, गाण्याने त्या विशिष्ट प्रसंगात नाटकाचे कोणते काम केले, हे सांगितले आहे काय? पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरी तो मजकूर जपून ठेवण्यासारखा आहे.

पुण्या-मुंबईच्या रंगभूमीविषयी असे लेखन बरेच छापले गेले. झाडीपट्टीची स्थिती वेगळी आहे. तेथील नाटक आजही हजारो लोक रात्रभर बसून पाहतात, देसाईगंज-वडसा हे त्याचे मोठे केंद्र आहे, २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा अभ्यास उभा केला. परंतु ध्वनिवर्धक येण्यापूर्वी दंडारीत आणि खडी गंमतीत गाणाऱ्यांचे आवाज कसे होते, याची नोंद मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या तोंडीच राहिली. ते ऐकणारे आता ऐंशीच्या पुढचे आहेत. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज एकवीस महिन्यांनी हुकला, त्याला कोणाचाच इलाज नव्हता. या श्रोत्यांचे शब्द हुकले, तर तो दोष आपला असेल.

त्यांच्याकडे जाताना 'गाणे कसे होते?' असे विचारू नये. 'फार सुंदर होते' एवढेच उत्तर मिळेल. तुम्ही कोठे बसला होता, तेथपर्यंत काय ऐकू येत होते, कोणाचे शब्द कळत आणि कोणाचे नुसते सूर, असे विचारावे. वाक्य जसे आले तसे, बोलीतल्या उच्चारासह, टिपून घ्यावे. नाकाडोंगरीच्या त्या वृद्ध रसिकाचे वाक्य प्रस्तुत लेखकाने त्या वेळी लिहून ठेवले नाही. ते ज्या नटाविषयी होते त्याचे नाव आज आठवत नाही. आवाज शेवटच्या बंडीपर्यंत जात असे, एवढेच राहिले आहे.